विकेंद्रित फाइल-वाटप

विकेंद्रित फाइल-वाटप : इंटरनेटने परस्परांशी जोडलेल्या संगणकांनी, मध्यवर्ती कोठाराचा आधार न घेता, स्वतःजवळील फाइली एकमेकांना थेट देण्याघेण्याची पद्धती. इंग्रजीत तिला ‘पिअर-टू-पिअर’ असे म्हणतात. ‘पिअर’ म्हणजे समान दर्जाचा, बरोबरीचा. इंटरनेटवरील नेहमीच्या व्यवहारात सर्व्हर हा शक्तिमान संगणक माहिती साठवितो व पुरवितो आणि इतर संगणक त्याच्याकडे केवळ मागणी करतात. प्रस्तुत पद्धतीत हा भेद राहत नाही. प्रत्येक संगणक एकाच वेळी देणारा व घेणारा असतो. त्यामुळे मागणी वाढली, की पुरवठ्याची क्षमताही तिच्याबरोबर वाढते. हे या रचनेचे प्रमुख तांत्रिक वैशिष्ट्य होय.

ही पद्धती स्वतः बेकायदेशीर नाही. तिच्यातून काय दिले-घेतले जाते, यावर कायदेशीरपणा ठरतो. तथापि १९९९ पासून तिचा इतिहास संगीत व चित्रपट व्यवसायांनी पायरसीविरुद्ध दिलेल्या लढ्याशी इतका निगडित झाला आहे, की एकाला वगळून दुसऱ्याचा इतिहास सांगणे शक्य नाही. कायद्याला जबाबदार धरण्यासाठी कोणीतरी एक व्यक्ती वा संस्था हवी असते. उलटपक्षी, प्रत्येक खटल्यानंतर नवी आज्ञावली तयार करणाऱ्यांनी असे जबाबदार केंद्रच रचनेतून काढून टाकण्याचा प्रयत्न केला. केंद्र नाहीसे होत गेले, तशी दायित्वाची कुऱ्हाड प्रथम कंपन्यांवर, मग सामान्य वापरणाऱ्यांवर आणि पुढे सूची ठेवणाऱ्यांवर व इंटरनेटची जोडणी देणाऱ्यांवर पडत गेली.

पार्श्वभूमी : घरगुती नकलांबाबतचा वाद संगणकापेक्षा जुना आहे. घरी चित्रफितीवर दूरचित्रवाणीचे कार्यक्रम मुद्रित करणाऱ्या ‘बीटामॅक्स’ यंत्राबद्दल युनिव्हर्सल व डिस्ने या चित्रपटसंस्थांनी सोनी कंपनीवर दावा लावला होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये पाच विरुद्ध चार अशा मताधिक्याने तो फेटाळला. ज्या यंत्राचा लक्षणीय असा निर्दोष उपयोग होऊ शकतो, त्याच्या उत्पादकास केवळ काही लोक त्याचा गैरवापर करतात म्हणून दोषी धरता येणार नाही, हे तत्त्व या निर्णयाने प्रस्थापित झाले. पुढील वीस वर्षे फाइल-वाटपाच्या प्रत्येक खटल्यात प्रतिवादी याच निर्णयाच्या आश्रयास गेलेले दिसतात. व्यवसायाच्या दृष्टीने यात एक विनोदही आहे : ज्या यंत्राविरुद्ध चित्रपटसंस्था लढल्या, त्याच यंत्रासाठी चित्रफिती विकून व भाड्याने देऊन त्यांनी पुढे मोठे उत्पन्न मिळविले.

ध्वनिफितीची नकल करताना प्रत्येक पिढीत आवाज खालावत असे. ही नैसर्गिक मर्यादा १९८२ मध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कने नाहीशी केली. या तबकडीवर ध्वनी अंकांच्या रूपात असतो व नकल मुळाइतकीच शुद्ध निघते. नकलेस प्रतिबंध करणारी कोणतीही योजना तिच्यात नव्हती. मात्र तबकडीवरील चार मिनिटांच्या गाण्यास सु. ४२ मेगाबाइट जागा लागते. त्या काळच्या दूरध्वनी-मोडेमवरून (सेकंदास ५६,००० बिट) एवढी फाइल आदर्श स्थितीतही दीड तासाहून अधिक वेळ घेई. जर्मनीतील एर्लांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्ट्स ब्रांडेनबुर्ख व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या एमपी३ या संकोचन-पद्धतीने ही अडचण दूर केली. मानवी कानास ऐकू न येणारा किंवा मोठ्या आवाजाखाली झाकला जाणारा ध्वनी वगळून ही पद्धती फाइलीचा आकार सु. एक-अकरांशावर आणते. तेच गाणे आता नऊ-दहा मिनिटांत घरी येऊ लागले. जलद इंटरनेट असलेल्या अमेरिकन विद्यापीठांच्या वसतिगृहांत तर काही सेकंदच पुरत.

नॅप्स्टर : बॉस्टन येथील नॉर्थईस्टर्न विद्यापीठातील विद्यार्थी शॉन फॅनिंग याने १९९९ च्या जूनमध्ये नॅप्स्टर ही आज्ञावली प्रसृत केली. शॉन पार्कर हा त्याचा सहकारी होता. गाणी वापरणाऱ्यांच्या स्वतःच्या संगणकांवरच राहत. नॅप्स्टरच्या सर्व्हरवर असे ती फक्त सूची. एखाद्याने गाण्याचे नाव विचारले, की सूची ते कोणाच्या संगणकावर आहे हे सांगे आणि पुढची देवाणघेवाण त्या दोघांत परस्पर होई. ग्रंथालयात एकही ग्रंथ नाही, फक्त तालिका आहे व ग्रंथ वाचकांच्या घरी आहेत, अशी ही व्यवस्था होती. दोन वर्षांच्या आत तिच्या वापरणाऱ्यांची संख्या अडीच कोटींच्या पुढे गेली. दुकानांतून नाहीशी झालेली जुनी व दुर्मिळ ध्वनिमुद्रणे या सूचीत सापडत, हेही तिच्या लोकप्रियतेचे एक कारण होते. त्याची दखल वादी पक्षाने क्वचितच घेतली.

अमेरिकेतील ध्वनिमुद्रण-व्यवसायाच्या संघटनेने (आरआयएए) १९९९ च्या डिसेंबरमध्ये कंपनीवर दावा लावला. मेटॅलिका या वाद्यवृंदाचे एक गाणे प्रकाशनापूर्वीच नॅप्स्टरवरून फिरून नभोवाणीवर पोहोचले. या वृंदाने २००० च्या एप्रिलमध्ये स्वतंत्र दावा लावला व आपली गाणी वाटणाऱ्या तीन लाखांहून अधिक वापरणाऱ्यांची यादी कंपनीच्या हवाली केली. कलावंताने स्वतःच्याच श्रोत्यांची यादी करण्याचा तो पहिला मोठा प्रसंग होता. त्यामुळे वृंदाची बरीच निर्भर्त्सना झाली. पण आपली कृती केव्हा व कशी प्रकाशित व्हावी हे ठरविण्याचा कलावंताचा अधिकार खरा होता, हे नाकारता येत नाही.

न्यायाधीश मॅरिलिन हॉल पटेल यांनी २००० च्या जुलैमध्ये मनाईहुकूम दिला. अपील न्यायालयाने त्यास तात्पुरती स्थगिती दिली. परंतु १२ फेब्रुवारी २००१ रोजी मूळ निष्कर्ष बहुतांशी उचलून धरला. या निर्णयाचा गाभा असा, की बीटामॅक्स विकल्यानंतर सोनीचा ग्राहकाशी संबंध संपत होता. नॅप्स्टरची सूची मात्र कंपनीच्याच ताब्यात होती, उल्लंघनाची माहिती तिला होती आणि ते थांबविण्याचे साधनही तिच्या हाती होते. त्यानंतर कंपनीने गाळणी बसविली. ती ९९ टक्क्यांहून अधिक यशस्वी असल्याचे कंपनीने सांगितले, तेव्हा ती शंभर टक्के यशस्वी झाली पाहिजे असा आदेश मिळाला. जुलै २००१ मध्ये देवाणघेवाण थांबली आणि २००२ च्या जूनमध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

सूचीचे विसर्जन : नॅप्स्टरच्या पराभवातून आज्ञावलीकारांनी घेतलेला धडा सरळ होता : सूची हेच दौर्बल्य होय. वस्तुतः खटला चालू असतानाच, मार्च २००० मध्ये नलसॉफ्ट या संस्थेतील जस्टिन फ्रँकेल व टॉम पेपर यांनी नुटेला ही आज्ञावली इंटरनेटवर ठेवली होती. नलसॉफ्टची मालकी असलेल्या अमेरिका ऑनलाइन कंपनीने ती दुसऱ्याच दिवशी मागे घेतली; पण तेवढ्या अवधीत उतरवून घेतलेल्या प्रतींवरून इतरांनी तिच्या कार्यपद्धतीचा उलगडा केला. नुटेलात सूची नव्हतीच. प्रत्येक संगणक आपला प्रश्न शेजारच्या काही संगणकांस विचारी, ते पुढच्यांस विचारीत आणि साधारणतः सात टप्प्यांनंतर प्रश्न विरून जाई. गावात दवंडी न पिटता शेजाऱ्याने शेजाऱ्यास विचारीत जावे, तसा हा प्रकार. तो चिवट होता, पण खर्चिकही. प्रश्नांचीच इतकी गर्दी होई, की मंद जोडण्या तुंबत. शिवाय झेरॉक्स कंपनीच्या संशोधकांनी २००० मध्ये केलेल्या पाहणीत सु. ७० टक्के वापरणारे स्वतः काहीच देत नाहीत, असे आढळून आले. समानांच्या या समाजात घेणारेच फार होते.

निक्लास झेनस्ट्रोम (स्वीडन) व यानुस फ्रीस (डेन्मार्क) यांनी एस्टोनियातील आज्ञावलीकारांच्या साहाय्याने २००१ मध्ये प्रचारात आणलेल्या काझा या आज्ञावलीने मधला मार्ग काढला. जलद जोडणी असलेले काही संगणक आपोआप ‘महाबिंदू’ बनत व आसपासच्या संगणकांची सूची तात्पुरती सांभाळीत. ते कंपनीच्या मालकीचे नसत. अ‍ॅम्स्टरडॅम येथील अपील न्यायालयाने २००२ मध्ये काझाला निर्दोष ठरविले व तो निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये कायम केला. तत्पूर्वीच आज्ञावलीची विक्री होऊन ती पॅसिफिकमधील व्हानुआटू या बेटसमूहात नोंदलेल्या व ऑस्ट्रेलियातून कारभार करणाऱ्या शारमन नेटवर्क्सकडे गेली होती. रचना जशी विखुरली, तशी मालकीही विखुरली. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने शारमनविरुद्ध निकाल दिला आणि २००६ मध्ये दहा कोटी डॉलरांहून अधिक रकमेवर तडजोड झाली. याच झेनस्ट्रोम व फ्रीस यांनी तत्सम रचनेवर २००३ मध्ये स्काइप ही दूरध्वनी-सेवा उभारली. तिच्याविरुद्ध गाणी वा चित्रपट यांच्याबाबत कोणाचीही तक्रार नव्हती.

ग्रॉक्स्टर खटला : काझाच्याच जाळ्यावर चालणारी ग्रॉक्स्टर आणि मॉर्फिअस ही आज्ञावली पुरविणारी स्ट्रीमकास्ट या कंपन्यांवरील दावा हा या इतिहासातील निर्णायक टप्पा मानला जातो. जिल्हा न्यायालयाने २००३ मध्ये व अपील न्यायालयाने २००४ मध्ये कंपन्यांच्या बाजूने कौल दिला. सूची त्यांच्या हाती नाही व आज्ञावली दिल्यावर त्यांचे नियंत्रण उरत नाही, म्हणून बीटामॅक्सचे तत्त्व त्यांना लागू पडते, असे या न्यायालयांचे म्हणणे होते. म्हणजे नॅप्स्टरच्या निर्णयाने जी पळवाट सुचविली होती, ती आता न्यायालयांनी मान्य केली.

सर्वोच्च न्यायालयाने २७ जून २००५ रोजी एकमताने हा निर्णय फिरविला. न्यायमूर्ती डेव्हिड सूटर यांनी लिहिलेल्या निकालपत्रात यंत्राच्या रचनेपेक्षा ते देणाऱ्याच्या हेतूवर भर आहे. उल्लंघनास उत्तेजन देण्याच्या उद्देशाने जो साधन पुरवितो आणि तो उद्देश आपल्या शब्दांतून वा कृतीतून प्रकट करतो, तो त्या साधनाने झालेल्या उल्लंघनास जबाबदार असतो, असे तत्त्व न्यायालयाने मांडले. नॅप्स्टरच्या निराश्रित ग्राहकांना आकृष्ट करण्याचा या कंपन्यांचा प्रयत्न, गाळणी बसविण्याची टाळाटाळ आणि वापर वाढेल तशी जाहिरातींची वाढणारी मिळकत हे पुरावे म्हणून घेतले गेले. बीटामॅक्सच्या तत्त्वाचे नेमके काय करावे, याबद्दल मात्र न्यायमूर्तींत एकमत नव्हते, न्या. गिन्सबर्ग व न्या. ब्रायर यांनी परस्परविरोधी भूमिका घेणारी स्वतंत्र मते नोंदविली. परिणामी जुने तत्त्व रद्दही झाले नाही आणि पूर्वीइतके भक्कमही राहिले नाही. ग्रॉक्स्टरने त्याच वर्षी पाच कोटी डॉलरांची तडजोड करून गाशा गुंडाळला. लाइमवायर ही नुटेलावर आधारित आज्ञावली २०१० पर्यंत टिकली. २०११ मध्ये तिच्या चालकांनी साडेदहा कोटी डॉलर देण्याचे मान्य केले.

बिटटोरंट : ब्रॅम कोहेन या अमेरिकन आज्ञावलीकाराने २००१ च्या जुलैमध्ये प्रसृत केलेली ही योजना तांत्रिक दृष्ट्या सर्वांत महत्त्वाची होय. तीत फाइलीचे सारख्या आकाराचे, बहुधा काही शे किलोबाइटचे, तुकडे पाडतात. प्रत्येक तुकड्याचा ‘हॅश’ नावाचा गणिती ठसा ‘टोरंट’ या छोट्या वर्णन-फाइलीत असतो. तुकडा मिळताच तो ठशाशी ताडून पाहता येतो, म्हणून अनोळखी संगणकाकडून आलेला माल खोटा आहे की खरा, हे लगेच कळते. ज्याला एक तुकडा मिळाला, तो बाकीच्यांची वाट पाहत असतानाच तो तुकडा इतरांस देऊ लागतो. जो तुकडा जाळ्यात सर्वांत दुर्मिळ आहे, तो आधी मिळवावा, असा संकेत असतो. त्यामुळे कोणताही भाग एकाच्याच हाती राहून नष्ट होण्याचा धोका कमी होतो. नुटेलातील फुकट्यांच्या प्रश्नावर कोहेन यांनी ‘जशास तसे’ हा तोडगा काढला : जो देतो, त्यालाच प्राधान्याने द्यावयाचे, मात्र नवागतास सुरुवात करता यावी म्हणून अधूनमधून एखाद्या अपरिचितासही द्यावयाचे. आचारसंहितेने जे साधले नाही, ते येथे गणिताने साधले.

या योजनेत शोध घेण्याची सोय मुळातच नव्हती. टोरंट-फाइली कोठे मिळतील, हे सांगण्याचे काम इतरांवर सोडलेले होते. त्यामुळे योजनेच्या कर्त्यावर ग्रॉक्स्टरसारखा ठपका आला नाही. सुरुवातीस तुकडे कोणाजवळ आहेत हे सांगणारा ‘ट्रॅकर’ हा सर्व्हर आवश्यक असे. पीटर मायमॉन्कोव्ह व डेव्हिड माझिएर यांनी २००२ मध्ये मांडलेल्या कॅडेम्लिया या गणिती योजनेच्या आधारे २००५ पासून तोही अनावश्यक ठरला : सूचीचे लक्षावधी बारीक भाग करून प्रत्येक संगणकाने एकेक सांभाळावा आणि अंकांच्या हिशेबाने हवा तो भाग थोड्या पावलांत गाठावा, अशी ही रीत आहे. नॅप्स्टरची तालिका जी एका खोलीत होती, ती आता सर्वत्र होती आणि कोठेच नव्हती. लिनक्स प्रणालीच्या प्रती, शास्त्रीय माहितीचे प्रचंड संच आणि इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेचा संग्रह यांच्या वितरणासाठीही बिटटोरंटचा उपयोग झाला आहे.

व्यक्तींवरील दावे : कंपन्यांवरील खटले लांबत चालले, तेव्हा आरआयएएने थेट वापरणाऱ्यांकडे मोर्चा वळविला. ८ सप्टेंबर २००३ रोजी एकाच वेळी २६१ व्यक्तींवर दावे दाखल झाले. न्यूयॉर्कमधील एक बारा वर्षांची मुलगी त्यांत निघाली. तिच्या आईने दोन हजार डॉलर भरून प्रकरण मिटविले. मॅसॅचूसेट्समधील एका सहासष्ट वर्षांच्या महिलेवरील दावा मागे घ्यावा लागला. कारण तिच्याकडे असलेल्या संगणकावर काझा ही आज्ञावली चालूच शकत नव्हती. इंटरनेटवरील क्रमांकावरून जोडणी कळते, माणूस कळत नाही, ही या साऱ्या प्रकरणांतील मूलभूत उणीव होती. वर्गणीदारांची नावे न्यायाधीशाच्या आदेशावाचून मिळविण्याचा मार्गही व्हेरिझन कंपनीच्या खटल्यात अपील न्यायालयाने २००३ च्या डिसेंबरमध्ये बंद केला. तरीही २००८ अखेर हे धोरण सोडून देईपर्यंत सु. ३५,००० व्यक्तींविरुद्ध कारवाई झाली. बहुतेकांनी काही हजार डॉलर देऊन सुटका करून घेतली. खटला लढण्याचा खर्च त्याहून कितीतरी अधिक होता.

लढण्याचे धाडस करणाऱ्यांची अवस्था काय झाली, हे मिनेसोटा राज्यातील एका महिलेच्या प्रकरणावरून दिसते. अमेरिकन कायद्यानुसार प्रत्यक्ष नुकसान सिद्ध न करताही प्रत्येक कृतीमागे ७५० ते ३०,००० डॉलर, आणि उल्लंघन जाणूनबुजून केलेले असल्यास १,५०,००० डॉलरपर्यंत भरपाई देवविता येते. ही तरतूद व्यापारी नकलखोरांना डोळ्यांपुढे ठेवून केलेली होती. २४ गाण्यांबद्दल ज्यूरीने २००७ मध्ये या महिलेस २,२२,००० डॉलर भरपाई ठोठावली. न्यायाधीशांनी ज्यूरीला दिलेल्या सूचनेत चूक झाल्याने फेरखटला झाला; २००९ मध्ये रक्कम १९,२०,००० डॉलर झाली. न्यायाधीशांनी ती ५४,००० वर आणली; तिसऱ्या ज्यूरीने १५ लाख ठरविले, न्यायाधीशांनी पुन्हा ५४,००० केले आणि अखेरीस २०१२ मध्ये अपील न्यायालयाने मूळची २,२२,००० ही रक्कम कायम केली. दुकानात ही गाणी प्रत्येकी एका डॉलरला मिळत होती. एकाच कृत्याचे मूल्य इतक्या भिन्न आकड्यांत होऊ शकते, यावरून कायद्याचे माप आणि मापावयाची वस्तू यांचा मेळ सुटला होता, असेच म्हणावे लागते.

‘पायरसी’ हा शब्दही या संदर्भात तपासून घेण्याजोगा आहे. ग्रंथांच्या अनधिकृत छपाईस इंग्लंडमध्ये सतराव्या शतकापासून तो लावला जात असला, तरी त्यात निवाडा आधीच गृहीत धरलेला आहे. चोरलेली वस्तू मूळ मालकाकडे राहत नाही. नकल केलेली राहते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेच १९८५ मध्ये डाउलिंग खटल्यात अनधिकृत ध्वनिमुद्रिका म्हणजे चोरीच्या मालाविषयीच्या कायद्याच्या अर्थाने ‘चोरीचा माल’ नव्हे, असा निर्वाळा दिला होता. अर्थात यावरून नुकसान होतच नाही, असे मात्र सिद्ध होत नाही.

जपान व स्वीडन : साधन घडविणाऱ्यास गुन्हेगार ठरवावे काय, हा प्रश्न जपानमध्ये सर्वांत तीव्रतेने उभा राहिला. टोकिओ विद्यापीठातील संशोधक इसामू कानेको यांनी २००२ मध्ये ‘विन्नी’ ही वापरणाऱ्याची ओळख झाकणारी आज्ञावली निनावी प्रसिद्ध केली. २००४ च्या मेमध्ये क्योटो पोलिसांनी त्यांना उल्लंघनास साहाय्य केल्याच्या आरोपावरून अटक केली. २००६ मध्ये त्यांना १५ लाख येन दंड झाला. ओसाका उच्च न्यायालयाने २००९ मध्ये त्यांना निर्दोष ठरविले व डिसेंबर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. या साडेसात वर्षांत त्यांचे उमेदीचे संशोधन अडकून पडले. निर्दोष सुटल्यावर दोन वर्षे होण्याच्या आतच, २०१३ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

स्वीडनमध्ये २००३ साली सुरू झालेले ‘द पायरेट बे’ हे टोरंट-फाइलींचे सूचिस्थळ उघड आव्हानाच्या पवित्र्यात होते. ३१ मे २००६ रोजी पोलिसांनी त्याचे सर्व्हर जप्त केले. काही दिवसांतच ते पुन्हा चालू झाले. १७ एप्रिल २००९ रोजी चौघांना प्रत्येकी एक वर्षाचा कारावास व एकत्रित तीन कोटी क्रोनर भरपाई अशी शिक्षा झाली. २०१० मध्ये अपिलात तिघांचा कारावास कमी झाला, पण भरपाई वाढली. या खटल्याचा अनपेक्षित परिणाम राजकीय होता : २००६ मध्ये स्थापन झालेल्या स्वीडिश ‘पायरेट पार्टी’ला निकालानंतरच्या यूरोपीय संसदेच्या निवडणुकीत सु. ७ टक्के मते मिळाली. सूचिस्थळाने २०१२ मध्ये टोरंट-फाइलीही ठेवणे सोडले व केवळ हॅश असलेले दुवे देण्यास सुरुवात केली. अशा स्थळाचे चालक स्वतः कृती सार्वजनिकरीत्या उपलब्ध करून देतात, असा निर्णय यूरोपीय न्यायालयाने २०१७ मध्ये दिला.

यानंतर भर जोडणी पुरविणाऱ्यांवर आला. फ्रान्सने २००९ मध्ये तीन सूचनांनंतर इंटरनेट तोडण्याचा कायदा केला. जोडणी तोडण्याची शिक्षा २०१३ मध्ये रद्द झाली. अमेरिकेत परदेशी संकेतस्थळे रोखण्याच्या विधेयकांविरुद्ध १८ जानेवारी २०१२ रोजी इंग्रजी विकिपीडिया एक दिवस बंद ठेवण्यात आला व विधेयके बारगळली. कॉक्स या जोडणी पुरविणाऱ्या कंपनीवर २०१९ मध्ये ज्यूरीने शंभर कोटी डॉलरांची भरपाई बसविली. अपील न्यायालयाने २०२४ मध्ये ती रद्द केली, परंतु काही अंशी दायित्व मान्य केले. पुढे २०२५ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण सुनावणीस घेतले.

बाजारावरील परिणाम : अमेरिकेतील ध्वनिमुद्रणांची उलाढाल १९९९ मध्ये सु. १,४६० कोटी डॉलर होती. २०१४ पर्यंत ती निम्म्याहून खाली आली. ही घट फाइल-वाटपामुळेच झाली काय, याविषयी अर्थशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. ओबरहोल्झर-गी व स्ट्रम्फ यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विक्रीवर लक्षणीय परिणाम आढळला नाही. स्टॅन लीबोविट्झ प्रभृतींनी त्याचे जोरदार खंडन केले. घटीत वाटपाचा वाटा होता, हे मत आता बहुमान्य आहे. परंतु एका गाण्यासाठी संपूर्ण तबकडी घेण्याची सक्ती संपणे हेही त्यामागील मोठे कारण मानावे लागेल. व्यवसायाने स्वतःही आपल्या प्रामाणिक ग्राहकांचा विश्वास घालविला. सोनी बीएमजीच्या तबकड्या संगणकात नकळत लपणारी आज्ञावली बसवितात, हे ऑक्टोबर २००५ मध्ये उघडकीस आले व तबकड्या परत घ्याव्या लागल्या. जो विकत घेई त्याच्याच संगणकाला धोका पोहोचे. फुकट उतरविणारा सुरक्षित राही.

अ‍ॅपल कंपनीने २८ एप्रिल २००३ रोजी प्रत्येक गाणे ९९ सेंटना देणारे दुकान इंटरनेटवर उघडले, ते नॅप्स्टर बंद पडल्यानंतर जवळजवळ दोन वर्षांनी. स्टॉकहोममधील स्पॉटिफाय कंपनीने २००८ मध्ये मासिक वर्गणीत वा जाहिरातींसह हवे ते गाणे ऐकविण्यास आरंभ केला. तिच्या आरंभीच्या प्रमुख तंत्रज्ञांपैकी लुडविग स्ट्रिगेअस यांनी पूर्वी ‘म्यूटोरंट’ ही बिटटोरंटची अतिशय लोकप्रिय आज्ञावली लिहिली होती. आरंभी स्पॉटिफायवरील गाण्यांचा काही भाग श्रोत्यांच्याच संगणकांवरून परस्पर येई. २०१४ मध्ये ही सोय काढून सर्व गाणी मध्यवर्ती सर्व्हरवरून देण्यात येऊ लागली. अमेरिकेतील उलाढाल २०२१ मध्ये सु. १,५०० कोटी डॉलरांवर जाऊन १९९९ चा आकडा ओलांडला गेला. चलनवाढ लक्षात घेता ती अद्याप कमीच होती. श्रोत्याच्या हाती मात्र आता प्रत राहत नाही, वर्गणीच्या मुदतीपुरती परवानगी राहते.

भारत : येथे १९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमाच्या कलम ६३ खाली उल्लंघनास सहा महिने ते तीन वर्षे कारावास व पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. ध्वनिफिती व नंतर तबकड्या यांच्या नकलांचा व्यापार देशात दीर्घकाळ चालू होता. महाराष्ट्राने २००९ मध्ये झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले इत्यादींसाठी केलेल्या १९८१ च्या प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्यात चित्रफितींच्या नकलखोरांचाही समावेश केला. एवढी कठोर उपाययोजना नकलेच्या संदर्भात विरळाच. परंतु ती पदपथावरील व्यापारासाठी होती, इंटरनेटसाठी नव्हे.

इंटरनेटवरील अज्ञात प्रतिवादींविरुद्ध भारतीय न्यायालये ‘अशोक कुमार’ या काल्पनिक नावाने आदेश देतात. मद्रास उच्च न्यायालयाच्या अशा आदेशावरून २०१२ च्या मेमध्ये जोडणी पुरविणाऱ्यांनी निर्दोष चित्रफितींची स्थळेही सरसकट बंद केली. जूनमध्ये न्यायालयास आदेश विशिष्ट पत्त्यांपुरता असल्याचा खुलासा करावा लागला. मुंबई उच्च न्यायालयात २०१६ मध्ये ढिशूम या चित्रपटाच्या प्रकरणी न्या. गौतम पटेल यांनी संपूर्ण संकेतस्थळे बंद करण्यास नकार देऊन प्रत्येक पत्त्याची शहानिशा करण्यास सांगितले. बंद केलेल्या पानावर जो मजकूर दिसू लागला, त्यात चित्रपट नुसता पाहणे हाही दंडनीय अपराध असल्याचे म्हटले होते. कायद्यात तसे कोठेही नाही, असे न्या. पटेल यांनी स्पष्ट केले व तो उल्लेख काढून टाकण्यास सांगितले. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये वेगळी वाट धरली : मुख्यतः नकलांवर चालणारी संकेतस्थळे पूर्णतः बंद करावीत आणि नाव बदलून पुन्हा उघडलेल्या त्यांच्या प्रतिकृतींनाही तोच आदेश लागू करून घेता यावा. चलच्चित्र अधिनियमात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने चित्रपटगृहात अनधिकृत चित्रण करणाऱ्यास तीन महिने ते तीन वर्षे कारावास व किमान तीन लाख रुपयांपासून निर्मितिखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंडाची तरतूद केली. अमेरिकेप्रमाणे हजारो सामान्य वापरणाऱ्यांवर घाऊक दावे लावण्याचा मार्ग भारतातील चित्रपट व संगीत व्यवसायांनी अवलंबिलेला नाही.